सूतभर फरक

आमच्या घराण्यात यंत्राला हात लावायची परंपरा नाही. विहिरीवर मोट जाऊन इंजिन आले तेव्हा आजोबांनी ते सुरू करायला वेगळा गडी ठेवला. आण्णा, म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेत आवक-जावकच्या टेबलावर तीस वर्षे बसले, पण शेजारच्या टेबलावरच्या टाइपरायटरकडे त्यांनी आदराने आणि लांबूनच पाहिले. मी बी. कॉम. होऊन बँकेत चिकटलो. घरात हत्यार म्हणावे असे एकच, ते म्हणजे हातोडी. तिचा दांडा माझ्या लग्नाच्या आधी निखळला, तेव्हापासून आम्ही तिचे नुसते डोके हातात धरून नारळ फोडतो. असा मी वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी लाकूड रंधायचे मशीन विकत घेतले, ही बातमी शाखेत कळली, तेव्हा आमच्या कॅशियरने निम्मी मोजून झालेली पाचशेची गड्डी पुन्हा पहिल्या नोटेपासून मोजायला घेतली.

त्याचे असे झाले. आमच्या घरामागे एक पत्र्याचे शेड आहे आणि त्यात तीस वर्षे सागवान पडून होते. आमचे मूळ गाव सास्तूरच्या बाजूचे. तिथे आमचे पाच खणांचे माळवद होते. ज्यांनी माळवद पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाहेरून दीड-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, आत सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचन आणि सगळ्याच्या वर फूट-दोन फूट पांढऱ्या मातीचा थर. आत इतके गार असायचे की आजोबा भर मे महिन्यात दुपारी पांघरूण मागत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना भूकंप झाला. गणपती बोळवून गाव दमून झोपले होते. जगाला तो किल्लारीचा भूकंप म्हणून माहीत आहे, पण सास्तूर आमच्या जिल्ह्यातले, आणि तिथेही काही उरले नाही. आमचे आजोबा त्यात गेले. मी तेव्हा दहावीत होतो, इथेच, उस्मानाबादला. (शहराचे धाराशिव सरकारी कागदावर व्हायला २०२३ साल उजाडायचे होते.) आण्णा गावी पोचले तेव्हा त्यांना काय दिसले, हे त्यांनी घरात एकदाच सांगितले. भिंती ढासळून बाहेर पडलेल्या, वरची माती खाली आलेली, आणि मधे खांब-तुळयांचा सांगाडा मात्र तसाच उभा. "लाकडानं दगा दिला नाही," एवढे म्हणून ते उठून गेले होते. पुढे गाव नव्या जागी वसले. माळवदाचे नाव कोणी काढीना, दगडाच्या भिंतीजवळ निजायलाही लोक भ्यायचे. आण्णांनी ते सागवान ट्रकमध्ये घातले आणि आमच्या शेडमध्ये आणून रचले.

त्यानंतर तीस वर्षांत त्या लाकडाला गिऱ्हाइके पुष्कळ आली. जुने सागवान म्हटल्यावर येणारच. आण्णा प्रत्येकाला चहा पाजायचे आणि "बघू" म्हणायचे. आमच्या घरात "बघू"चा अर्थ बँकेतल्या "आपला अर्ज विचाराधीन आहे" सारखाच असतो. दर दिवाळीला ते शेडमध्ये जात, प्रत्येक तुळई बोटांच्या पेरांनी वाजवून बघत, वाळवी लागली नाही याची खात्री करीत आणि कुलूप लावून परत येत. गेल्या उन्हाळ्याआधी त्यांना ऐंशी पूर्ण झाली. त्याच संध्याकाळी मला म्हणाले, "त्या लाकडाचं कायतरी कर. देव्हारा कर, पाट कर, काय बी कर. पण माझ्या डोळ्यादेखत कर."

मी आज्ञाधारक मुलगा. दुसऱ्याच दिवशी सॉ मिलवर गेलो. मिलवाल्याने लाकूड बघितले, त्यावर बोट फिरवले आणि चटका बसल्यासारखा हात काढून घेतला. "खिळ्याचं लाकूड घेत नाही साहेब. एक खिळा घावला की करवतीचे दात गेले." आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक वयस्क मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, "हातानं करायचं तर माझं वय ऱ्हायलं नाही आणि मशीनवर करायचं तर माझ्याकडं मशीन ऱ्हायलं नाही." पोराने म्हणे ते विकून प्लायवूडचे दुकान टाकले होते.

नेमक्या त्याच सुमारास, मार्च २०२४ मध्ये, आम्हा बँकवाल्यांच्या बाराव्या द्विपक्षीय करारावर सह्या झाल्या आणि नोव्हेंबर २०२२ पासूनचा फरक हातात पडायची चिन्हे दिसू लागली. फरकाची रक्कम माणसाला फार बेजबाबदार बनवते. पगार खर्च करताना आपण दहादा विचार करतो, पण फरक म्हणजे रस्त्यात सापडलेला पैसा वाटतो. सौ.ने त्या रकमेतून एक पाटल्यांची जोडी मनातल्या मनात हातात घालूनही पाहिली होती. मी सोलापूरला गेलो, एका दुकानात शिरलो आणि मशीन सांगून आलो. घरी आल्यावर मी तिला म्हटले, "हे एकच मशीन रंधतं, चिरतं आणि भोकंसुद्धा पाडतं."

"ते दिसलंच," ती म्हणाली. "आल्या आल्या केवढं भोक पाडलंय."

पंधरा दिवसांनी ट्रान्सपोर्टच्या टेम्पोतून लाकडी खोका आला. चार हमालांनी तो उतरवला. पावतीवर गावाचे नाव एका ठिकाणी धाराशिव, दुसऱ्या ठिकाणी उस्मानाबाद होते, त्यामुळे ही दोन नगे आहेत असा ड्रायव्हरचा आग्रह होता आणि तो दुसरा खोका शोधत होता. बिडाचे मशीन किती जड असते याची कल्पना येण्यासाठी एवढे सांगतो, की हमाल मजुरी ठरवताना आधी खोका हलवून बघतात आणि मग तुमच्याकडे बघतात, त्या बघण्यात दया असते. खोका शेडमध्ये पोचेपर्यंत सगळी गल्ली गोळा झाली होती. कुणी पिठाची गिरणी म्हटले, कुणी उसाचा चरक म्हटले. समोरच्या काकूंनी तर दळणाचा दरही विचारून घेतला.

त्या रात्री उत्साहाच्या भरात मी या यंत्राची कुळकथा वाचून काढली. १८०२ साली जोसेफ ब्रामा नावाच्या इंग्रजाने लाकूड रंधायच्या यंत्राचे पेटंट घेतले होते. पण मला त्याच्याविषयी जिव्हाळा वाटला तो वेगळ्याच कारणाने. हा गृहस्थ कुलूपवालाही होता. त्याने असे कुलूप केले की लंडनच्या दुकानाच्या काचेत ते मांडून ठेवले आणि उघडून दाखवणाऱ्याला दोनशे गिनी बक्षीस लावले. ब्रामा वारला, तरी कुलूप बंदच. शेवटी १८५१ साली हॉब्ज नावाच्या अमेरिकनाने ते उघडले, आणि त्यालाही बरेच दिवस खपावे लागले. स्ट्राँगरूमची किल्ली रोज कमरेला बाळगणाऱ्या माणसाला असा पूर्वज सापडणे म्हणजे काय, हे बँकेतल्या माणसालाच कळेल. यंत्र आपल्याच खात्यातले आहे, अशी माझी खात्री पटली. या खात्रीने पुढे माझा घात केला.

रविवारी खोका फोडला. आत प्रत्येक सुट्या भागाला पिवळट ग्रीस फासलेले होते, लोणच्यातल्या फोडीला खार असावा तसे. ते डिझेलने पुसण्यातच सकाळ गेली. मग भाग मांडले. एक अँगलचा स्टँड, बिडाचा सांगाडा, दोन टेबले, पाती बसवायचा लोखंडी रूळ, मेणकागदात गुंडाळलेली तीन पाती, दोन हॉर्सपॉवरची मोटार, एक मोठी पुली, एक लहान पुली, पट्टा आणि पिशवीभर नटबोल्ट. सोबत एका पानाचे माहितीपत्रक होते. त्यातले इंग्रजी आमच्या हेड ऑफिसच्या परिपत्रकासारखे होते. प्रत्येक शब्द ओळखीचा, पण वाक्य संपले की हातात काही लागत नाही. शेवटचे वाक्य मात्र स्वच्छ होते. "वरीलप्रमाणे जोडणी झाल्यावर मशीन सुरू करावे." वरील म्हणजे काय ते वर नव्हते.

आता अशा कामाला सल्लागार लागतात आणि ते बोलवावे लागत नाहीत. शेजारचे निवृत्त हेडमास्तर खुर्ची घेऊनच आले. त्यांनी शाळेत पंचवीस वर्षे गणित शिकवलेले, त्यामुळे स्टँडचे चार पाय एका प्रतलात असलेच पाहिजेत असे नाही, तीन असतात, हे त्यांनी सिद्ध करून दाखवले. चौथ्याचे काय करायचे हे त्यांनी सांगितले नाही. शहाबादी फरशीवर स्टँड डगमगत होता. मी बँकेतली जुनी पे-स्लिपची पुस्तके आणून पायाखाली सारली. चिरंजीव मोबाइलवर कुठल्या तरी परदेशी माणसाचे चित्र दाखवत होते. तो माणूस हेच मशीन बारा मिनिटांत जोडत होता आणि शिट्टीसुद्धा वाजवत होता. आण्णा शेडच्या दारात खुर्ची टाकून, काठीवर हनुवटी टेकून, काहीही न बोलता बघत होते.

बाहेर ऊन कडाडले होते. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिना असला की तो एकटा नसतो, पुढच्या-मागच्या वर्षांचे मे महिनेही येऊन बसतात. त्या उकाड्यात मी पाती बसवली. रुळाला तीन खाचा, प्रत्येकीत एक पाते, पात्याला दाबणारी एक लोखंडी पट्टी आणि ती आवळणारे बोल्ट. मग मोटार बसवली. मोठी पुली कुठे, लहान कुठे, हे पत्रकात नव्हते. दोन्हींचे भोक एकाच मापाचे, त्यामुळे चूक अडवायला कोणी नव्हते. मी विचार केला, की मोटार हा आपला नोकर, रूळ हा मालक. मोठी पुली मालकाला. पट्टा चढवला. संध्याकाळी पाचला मशीन उभे राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आले, त्यात घाम किती होता हे सांगता येणार नाही.

आणि पिशवीत दोन बोल्ट उरले होते.

बँकेबाहेरच्या लोकांना वाटते, की कॅश कमी भरली तर कारकुनाची झोप उडते. तसे नाही. कमी भरली तर आपण खिशातून घालून मोकळे होतो. झोप उडते ती कॅश जादा निघाली म्हणजे. जादा म्हणजे कुणाचे तरी कमी, आणि तो कुणीतरी उद्या येणार. एवढे ठाऊक असूनही त्या दोन बोल्टांकडे बघून मी म्हणालो, "कंपनीने जास्तीचे दिले असतील." हेडमास्तरांनी दुजोरा दिला. मी ते एका वाटीत ठेवले आणि वाटीवर खडूने "सस्पेन्स" लिहिले. ज्या रकमेचे काय करावे कळत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकायची, हे आमच्या धंद्यातले जुने औषध आहे. तिथे पडलेल्या रकमेने आजवर कुणाचा हात कापलेला नाही.

बटण दाबले. मशीन फिरू लागले. पण हा आवाज त्या परदेशी माणसाच्या मशीनसारखा नव्हता, आमच्या शाखेतल्या जुन्या पंख्यासारखा होता. एक आंब्याची फळी वर घातली. पलीकडून ती निघाली तेव्हा बकरीने कुरतडल्यासारखी दिसत होती. दुसरी घातली. तिचे शेवटचे चार बोटे अंतर उरले असताना फळी दणकन खाली आदळली आणि टोकाला खड्डा पडला. हेडमास्तर म्हणाले, "आंब्याचं लाकूडच असं असतं." आण्णा पहिल्यांदा बोलले.

"बंद कर ते. मी मिस्त्रीला बोलवायलोय."

मिस्त्री दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. बँकेतून येऊन मी हातपाय धूत होतो. ते शेडमध्ये मशीनभोवती दोन प्रदक्षिणा घालून उभे होते. त्यांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरे नाहीत, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसले. मी बघतो आहे हे त्यांच्या लक्षात आले. "एक रंध्याला दिलं, एक करवतीला," ते म्हणाले, देवळात वर्गणी दिल्याच्या सुरात. मग त्यांनी बटणाला हात न लावता आधी मोटारीची वायर प्लगमधून उपटून ती स्वतःच्या खांद्यावर टाकली. "ही सवय लावून घ्या साहेब. वायर आपल्या खांद्यावर असली की कुणी बटण दाबत नाही."

पुल्यांकडे बघून ते हसले. मोटार मिनिटाला १४४० फेरे घेते. मोटारीला आठ इंची पुली आणि रुळाला तीन इंची घातली तर रूळ १४४० गुणिले आठ भागिले तीन, म्हणजे ३८४० फेरे घेतो. मी उलटे केले होते. १४४० गुणिले तीन भागिले आठ, म्हणजे ५४०. हे गणित त्यांनी बोटांवर केले, जेवढी आहेत तेवढ्यांवर, आणि माझ्या आधी केले. मी बी. कॉम., व्याजाची कोष्टके पाठ असलेला माणूस, नुसता मान हलवत होतो.

मग त्यांची नजर वाटीवर गेली. "हे कुठले?"

"जास्तीचे आहेत," मी म्हणालो.

ते काही बोलले नाहीत. खिशातून चष्मा काढला, खाली वाकले आणि रूळ हाताने हळूहळू फिरवत बोल्ट मोजू लागले. पहिल्या पात्याला चार. दुसऱ्याला चार. तिसऱ्याला दोन. त्यांनी ते तिसरे पाते दोन बोटांत धरले आणि हलवले. पाते हलले.

शेडमध्ये कुणी काही बोलेना. चिरंजीव मोबाइल खिशात घालून दोन पावले मागे सरकले होते. मिस्त्री सावकाश म्हणाले, "नशीब तुमची पुली चुकली. बरोबर लावली असती तर हे पातं आण्णांच्या खुर्चीपर्यंत गेलं असतं."

कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला आम्हाला ट्रायल बॅलन्स शिकवतात. त्यात एक चुकांचा प्रकार असतो. एका बाजूला एक चूक, दुसऱ्या बाजूला तिला पुरी पडणारी दुसरी चूक, आणि दोन्ही बाजूंची बेरीज गुण्यागोविंदाने जुळते. परीक्षेत त्यावर पाच मार्कांची टीप लिहायला येते, आणि ती मी चांगली लिहिली होती. ट्रायल बॅलन्स जुळला म्हणजे हिशेब बरोबर असेलच असे नाही, हे त्या टिपेतले शेवटचे वाक्य. रात्री अंथरुणावर पडून मी हिशेब केला. वेग सातपट झाला की पात्याला बाहेर फेकणारा जोर सातपट होत नाही, सातच्या साती, जवळजवळ पन्नासपट होतो. दोन बोल्टांनी ५४० वर धरून ठेवलेले पाते ३८४० वर धरले असते का, हा प्रश्न मी पुढे सोडवला नाही. उठून पाणी प्यालो. दारातून आण्णांच्या घोरण्याचा आवाज येत होता, तो बराच वेळ ऐकत बसलो. सौ.ला ही गोष्ट मी अजून पूर्ण सांगितलेली नाही. छापून आल्यावर कळेलच.

खरी जोडणी त्यानंतर चार संध्याकाळी चालली. मिस्त्रींनी पे-स्लिपची पुस्तके ओढून काढली ("ह्याच्यावर मशीन नाही, बँक उभी ऱ्हाती"), पायांखाली पत्र्याचे तुकडे सारले आणि पाणसळ ठेवून बुडबुडा मधे येईपर्यंत ठोकत राहिले. मग पाती सगळी उतरवून पुन्हा बसवली. ही रीत मला फार आवडली म्हणून सांगतो. या मशीनला दोन टेबले असतात. पुढच्यावर लाकूड ठेवून ढकलायचे, ते मधल्या पात्यांवरून जाऊन मागच्यावर उतरते. पुढचे टेबल किंचित खाली, जेवढे लाकूड सोलायचे तेवढे. पण मागचे टेबल आणि पात्याची धार मात्र अगदी एका पातळीत हवी. टेबल वर राहिले तर लाकूड अडते, खाली राहिले तर शेवटी दणकन आदळते, आमच्या आंब्याच्या फळीसारखे. आता धार आणि टेबल एका पातळीत आहेत हे ओळखायचे कसे? मिस्त्रींनी एक सरळ पट्टी मागच्या टेबलावर अशी ठेवली, की तिचे टोक पात्यांवर येईल. पट्टीवर पेन्सिलीची खूण केली आणि रूळ हाताने फिरवला. पाते वर आले, पट्टीला हलकेच लागले, आणि तिला जरासे पुढे ओढून खाली गेले. मिस्त्रींनी पुन्हा खूण केली. दोन खुणांमधले अंतर मोजले.

"सूतभर ओढायला पायजे," ते म्हणाले. "कमी नाही, जास्त नाही. आणि तिन्ही पात्यांनी सारखं. ह्या टोकाला बी, त्या टोकाला बी."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पहिले पाते दोन सूत ओढत होते, दुसरे अजिबात ओढत नव्हते, तिसरे एका टोकाला ओढत होते आणि दुसऱ्या टोकाला निवांत होते. आमच्या शाखेतल्या तीन काउंटरांची मला आठवण झाली. एक जण सगळे काम ओढतो, एक जण रजेवर असल्यासारखा असतो, आणि तिसरा साहेब ज्या बाजूला असेल तेवढ्याच बाजूने काम करतो. आवळायचे, फिरवायचे, मोजायचे, सैल करायचे, पुन्हा. संध्याकाळी सातला सुरू केलेले काम साडेनऊला जुळले, आणि मला पूर्वीचे बँकवाले आठवले, जे एका रुपयाच्या फरकासाठी रात्री अकरापर्यंत बसत म्हणे. आता संगणक आपोआप जुळवतो आणि एक जण नोंद करतो, दुसरा मंजूर करतो. मेकर आणि चेकर. मी मशीनचा मेकर होतो. चेकरला चहा पाजला आणि शेवटचा बोल्ट त्यांनी आवळल्यावर वाटीवरचा "सस्पेन्स" पुसून टाकला.

सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणतात. कुठे ठेवला तो स्वर्ग, सूत चुकले तर खरोखरच गाठता येतो, हे मला समजले होते.

"आम्हाला असलं मशीन लागायचं नाही," चहा पिताना मिस्त्री म्हणाले. "तेरला जाऊन या. उत्तरेश्वराच्या देवळाची लाकडी चौकट आहे, लामतुरे म्युझियममध्ये ठेवल्याली. हजारावर वर्षं झाली तिला. कुणी बसवलं होतं तिथं मशीन?" मग बशीतला चहा संपवून म्हणाले, "पण त्या सुताराला ऐंशी वर्षांचा मालक घाई करत नसंल."

खिळे काढायचे काम आण्णांनी स्वतःकडे घेतले. चिरंजीवांनी जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक काढून दिले, ते आण्णा लाकडावरून फिरवायचे. चुंबक चिकटले की खडूने गोल करायचे आणि जंबुराने खिळा उपटायचा. मिस्त्रींनी बजावले होते, की एक खिळा राहिला तरी तिन्ही पात्यांना खाचा पडतील आणि मग प्रत्येक फळीवर तीच रेघ उमटेल. ऐंशी वर्षांचा म्हातारा आणि आठवीतला नातू रोज सकाळी शेडमध्ये बसून खिळे काढायचे. काढलेले खिळे आण्णा डब्यात टाकत. जुने, लोहाराने ठोकलेले, चौकोनी, एकही दुसऱ्यासारखा नाही. मी कामावर जाताना डोकावलो की चिरंजीव आकडा सांगायचे. शेहेचाळीस. त्रेपन्न. एकसष्ट.

एका खांबावर आण्णांनी खडूने गोल केला, पण जंबूर लावला नाही. संध्याकाळी मी विचारले, "हा राहिलाय का?"

"ऱ्हाऊ दे."

"आण्णा, पात्याला लागेल."

"मग तेवढं पात्याला घालू नको." थोड्या वेळाने म्हणाले, "त्याला त्यांचा पटका असायचा. निजताना काढून अडकवायचे. मी गेलो तवा तसाच होता. भिंत नव्हती, पण पटका होता खांबाला."

मिस्त्रींनी काही न बोलता खडूच्या गोलाखालून हातभर अंतरावर खूण केली आणि हातकरवतीने, मशीनला न लावता, खांब तिथे कापून दोन केला.

बुधवारी बँकेला सुट्टी होती. वायर मिस्त्रींच्या खांद्यावरून उतरली आणि प्लगमध्ये गेली. त्यांनी आम्हा सगळ्यांना मशीनच्या बाजूला उभे केले, समोर कुणी नाही, मागे कुणी नाही, आणि आण्णांची खुर्ची थेट अंगणात नेऊन ठेवली. बटण दाबले. यावेळी पंखा नव्हता. आधी घरघर, मग एकसुरी बारीक सूर, शाळेतल्या प्रार्थनेची पेटी एकाच सुरावर धरून ठेवावी तसा. त्यांनी तुळईचा तुकडा पुढच्या टेबलावर ठेवला आणि हाताने नाही, दुसऱ्या लाकडाने ढकलला.

वरून ते लाकूड चुलीच्या धुराने काळे झालेले होते, कोळशासारखे. पलीकडून आले ते मधासारखे पिवळे. टोकाला खड्डा नाही. शेडभर वास सुटला. आण्णा अंगणातून उठून कधी आत आले ते कळले नाही. त्यांनी खाली वाकून मूठभर ढलप्या उचलल्या, नाकाजवळ नेल्या आणि बराच वेळ तशाच धरून ठेवल्या.

"वास तसाच हाय," म्हणाले आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसले.

देव्हारा मिस्त्रींनी केला. पाट मी केले, चार. त्यांतला एक सूतभर डगमगतो. तो माझ्यासाठी राखून ठेवला आहे. जेवताना मी जरा डावीकडे झुकतो एवढेच. वाळत घातलेल्या कुरडयांवर भुसा बसल्यामुळे सौ.ने त्या वर्षी कुरडया परत घातल्या, आणि पाटल्यांचा विषय तिने विसरलेला नाही, हे ती आठवड्यातून एकदा कळवते. खिळ्याचा तो हातभर तुकडा, काळाच, आण्णांच्या खोलीत भिंतीला ठोकला आहे. ते रात्री त्याला टोपी अडकवतात.

मागच्या महिन्यात सॉ मिलवाल्याचा माणूस बँकेत कॅश भरायला आला होता. स्लिप देता देता म्हणाला, "साहेब, मालकानं विचारलंय. एका वाड्याचं जुनं सागवान आलंय. तुमच्याकडं खिळ्याचं लाकूड घेतात म्हणे?"

मी घरी येऊन आण्णांना सांगितले. ते ताबडतोब "बघू" म्हणतील या अपेक्षेने मी चहाचा कप उचलला.

"घे म्हणावं," आण्णा म्हणाले. "पण खिळे काढायचे पैसे येगळे पडतील. नातवाला बोलवून विचार, काय दर लावायचा."